गोल्ड विंग टूर : सुपरस्पोर्टवाल्याच्या हाती ३९० किलो

गेली बारा वर्षे मी पुढे वाकून बसायच्या गाड्याच चालवत आलो आहे. सध्याची माझी गाडी ६३६ सीसीची, चार सिलिंडरची सुपरस्पोर्ट, म्हणजे शर्यतीच्या धर्तीवर बांधलेली गाडी आहे. तिचे वजन दोनशे किलोंच्या आत भरते, तिची खरी ताकद इंजिनाच्या मिनिटाला १३,००० फेऱ्यांच्या आसपास जागी होते, आणि वर्षातून एकदा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर तिला नेऊन आणले की उरलेले अकरा महिने मी त्याच आठवणीवर काढतो. अशा माणसाने होंडाच्या गोल्ड विंग टूर या लांब पल्ल्याच्या अवजड मोटारसायकलची चाचणी घ्यायला जावे, यावर आमच्या रविवारच्या कंपूत बरीच थट्टा झाली. कारण मात्र साधे होते. मागच्या हिवाळ्यात माझ्या गाडीवर डबलसीट साताऱ्यापर्यंत आल्यानंतर बायकोने हेल्मेट माझ्या हाती दिले आणि परतीसाठी एसटीची चौकशी केली. दोघांनी मिळून लांबचा प्रवास करायचा असेल तर गाडी बदलायला हवी, हे त्या दिवशी ठरले. कोणती गाडी, एवढाच प्रश्न उरला.

विक्रेत्याने परवान्याची प्रत घेतली, एका लांबलचक हमीपत्रावर सही घेतली आणि आपला एक कर्मचारी साडेतीनशे सीसीच्या गाडीवर माझ्यामागे दिला. वेळ दोन तासांचा होता. मार्ग मी घरूनच ठरवून गेलो होतो : वारज्याहून बाह्यवळण मार्गाने नवले पूल, तिथून चढ चढून कात्रजचा नवा बोगदा, शिंदेवाडीला वळून जुन्या घाटाने जुन्या बोगद्यातून भिलारेवाडी, आणि कात्रज चौकातून परत. शहरातली गर्दी, महामार्ग आणि वळणांचा घाट असे तिन्ही प्रकार इतक्या थोड्या अंतरात देणारा दुसरा रस्ता पुण्याजवळ मला ठाऊक नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने, चाळीस लाखांची असो की चाळीस हजारांची, तो विचार सोडूनच द्यावा लागतो.

पहिली धास्ती वजनाची होती. गाडी ३९० किलोंची आहे, म्हणजे माझ्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. साइड स्टँडवरून सरळ करताना मी पाय रोवून, श्वास धरून जोर लावला आणि ती इतक्या सहज उभी राहिली की माझाच तोल क्षणभर दुसऱ्या बाजूला गेला. याचे श्रेय इंजिनाच्या रचनेला आहे. १८३३ सीसीचे हे सहा सिलिंडरचे इंजीन आडवे पसरलेले आहे. तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे, त्यामुळे सगळा जड भाग चाकांच्या आसांच्या पातळीजवळ राहतो. आसनाची उंची ७४५ मिलिमीटर आहे, माझ्या गाडीची ८३०. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतात, आणि पावणेसहा फुटांच्या माणसाला याहून मोठा धीर दुसरा कोणता नाही. गाडी मागे घ्यायची असेल तर डाव्या हाताचे एक बटण दाबून अंगठ्याने ती मुंगीच्या पावलांनी मागेपुढे सरकवता येते. मोटारसायकलला रिव्हर्स, यावर मी वर्षानुवर्षे हसत आलो होतो. दुकानासमोरच्या उतारावर नाक खाली करून उभ्या केलेल्या या गाडीला मागे ओढायची वेळ आल्यावर ते हसू आटोपले.

भारतात ही गाडी सात गिअरच्या डीसीटीसह, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्ससह मिळते. क्लचचा दांडा नाही, पायाशी गिअरचा खटका नाही. बटणाने न्यूट्रलवरून ड्राइव्हवर घ्यायचे आणि मूठ पिळायची. पहिली दहा मिनिटे माझी डावी बोटे प्रत्येक सिग्नलला हवेतच क्लच शोधत होती. सिग्नलला थांबल्यावर इंजीन आपोआप बंद पडते आणि मूठ किंचित पिळताच पुन्हा जागे होते, तेही इतके अलगद की स्टार्टरची ती ओळखीची घरघर ऐकूच येत नाही. गाडी बंद पडली असे समजून मी वारज्याला स्टार्टरचे बटण शोधू लागलो होतो, ही गोष्ट मागच्या कर्मचाऱ्याच्या नजरेतून सुटली असावी अशी आशा आहे.

कमी वेगातली गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायला हवी. स्पोर्ट्स गाडी चालवणारा अरुंद जागेत क्लच अर्धवट दाबून वेग सांभाळतो. ती सवय हाताच्या स्नायूंत मुरलेली असते. इथे तो मार्गच बंद आहे. शिंदेवाडीला यू-टर्न घेताना मूठ जरा सैल केली की ओढ एकदम कमी होते आणि गाडी आतल्या बाजूला कलू पाहते. यावरचा उपाय म्हणजे उजव्या पायाने मागचा ब्रेक हलका धरून ठेवायचा आणि मूठ स्थिर ठेवायची, म्हणजे क्लचचे काम पायाने करायचे. पहिल्या वळणात मी पाय टेकला, दुसऱ्यात टेकू की नको अशा बेतात होतो, तिसरे वळण नीट जमले. ज्यांना पहिल्याच दिवशी बाजीराव रस्त्यावरून ही गाडी न्यायची असेल त्यांनी आधी एखाद्या मोकळ्या मैदानात अर्धा तास हेच करावे.

नवले पुलापासून बोगद्याकडचा चढ हा माझ्या गाडीवर दोन गिअर उतरवून चढण्याचा भाग आहे. गोल्ड विंगची शक्ती १२६ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), म्हणजे जवळजवळ माझ्या गाडीइतकीच. पण ती ५,५०० फेऱ्यांवर मिळते आणि १७० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, ४,५०० फेऱ्यांवर, जो माझ्या गाडीच्या दुपटीहून बराच अधिक आहे. आकडा तोच असताना अनुभव इतका वेगळा असू शकतो हे मला कागदावर कळत होते, मनगटाला कळत नव्हते. माझ्या गाडीवर वेग ऐकू येतो; इंजीन किंचाळते, वारा छातीवर आदळतो, आणि मग आकड्याकडे पाहावेसे वाटते. इथे ट्रकांच्या रांगेला ओलांडताना मी मूठ किंचित फिरवली, इंजिनाचा खर्ज जेमतेम एका पट्टीने चढला, विजेवर वरखाली होणाऱ्या काचेमागे सगळे शांत होते, आणि पडद्यावर पाहिले तर मर्यादेचा ऐंशीचा आकडा केव्हाच मागे पडला होता. स्पोर्ट्स गाडी चालवणाऱ्याने या गाडीवर सर्वांत जास्त जपायचे ते इथेच. आपला वेगाचा अंदाज वारा, आवाज आणि थरथर या तिघांवर बेतलेला असतो, आणि या गाडीने तिघांनाही रजा दिलेली आहे.

गोल्ड विंग मुळात सोफा म्हणून जन्मलीच नव्हती. १९७४ साली कोलोनच्या प्रदर्शनात होंडाने जी जीएल १००० दाखवली, ती ९९९ सीसीची, चार आडव्या सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी आणि साखळीऐवजी शाफ्टने चालणारी उघडी मोटारसायकल होती. काच, पेट्या यांतले काहीच तिच्यावर नव्हते, आणि त्या काळच्या वेगवान गाड्यांत तिची गणना होत असे. काचा आणि पेट्या अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या प्रवाशांनी बाहेरून विकत घेऊन तिच्यावर चढवल्या. कंपनीने त्या कारखान्यातूनच बसवून द्यायला १९८० साली सुरुवात केली. सहा सिलिंडर १९८८ मध्ये आले. म्हणजे ही गाडी गिऱ्हाइकांनी लठ्ठ केली आहे, आणि २०१८च्या नव्या रचनेत होंडाने ती बरीच उतरवलीही. घाटात शिरताना हा इतिहास मला उगाच आठवत नव्हता. त्या जुन्या गाडीचा काही अंश हिच्यात उरला आहे का, हेच मला पाहायचे होते.

उरला आहे, पण तो सापडायला वेळ लागतो. अडचण पुढच्या चाकाची आहे. नेहमीच्या गाडीत पुढचा काटा दोन कामे करतो, चाक वळवतो आणि धक्केही पचवतो; ब्रेक लावला की तो दबतो, गाडीचे नाक खाली जाते, आणि वळणात शिरणे सोपे होते. स्पोर्ट्स गाडीवर मी वळणाच्या तोंडापर्यंत पुढचा ब्रेक हलका धरून ठेवतो, तो या दबण्यासाठीच. टायर किती धरून आहे हे मला तिथूनच समजते. गोल्ड विंगमध्ये ही दोन कामे वेगळी केली आहेत. चाक धरणारा काटा मोटारीच्या चाकाप्रमाणे दोन आडव्या बाहूंवर टांगलेला आहे, धक्के पचवायला स्वतंत्र स्प्रिंग आणि डॅम्पर आहे, आणि हँडल दांड्यांच्या साखळीने काट्याला जोडलेले आहे. खराब रस्त्यावर आरशांच्या मधोमध खाली नजर टाकली तर त्या दांड्या तालात वरखाली नाचताना दिसतात, आणि हातात मात्र काहीच पोचत नाही. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा काहीतरी सुटले आहे असेच वाटले.

जुन्या घाटाच्या पहिल्या दोन वळणांत मी सवयीने ब्रेक धरून ठेवला आणि नाक दबण्याची वाट पाहत राहिलो. ते दबले नाही. गाडी सपाटच राहून मंदावली आणि मी वळणाच्या बाहेरच्या अंगाला जाऊ लागलो. आसनावरून अंग आतल्या बाजूला सरकवावे म्हटले तर कमरेमागचा उंचवटा ते करू देत नाही, आणि करू दिले तरी चारशे किलोंपुढे माझे सत्तर किलो फार काही सांगू शकत नाहीत. तिसऱ्या वळणापासून मी सगळी कसरत सोडून दिली, सरळ बसलो, ब्रेकचे काम वळणाआधीच संपवले आणि आतल्या मुठीला नुसते पुढे ढकलले. रुंद हँडलमुळे गाडी एकाच झुकावात वळली आणि शेवटपर्यंत त्याच झुकावात राहिली. वळणाच्या मध्ये खड्डा आला तरी रेष बदलली नाही. माझ्या गाडीवर त्याच खड्ड्याने मनगटात कळ आली असती. स्पोर्ट मोडवर घेतल्यावर गिअरबॉक्स उतारावर ब्रेक लावताच स्वतःहून गिअर उतरवू लागली, सस्पेन्शन आवळले गेले, आणि चढणीच्या शेवटच्या टप्प्यात मी शीळ घालत होतो हे हेल्मेटमध्ये मला उशिरा कळले.

तरीही माझी तक्रार कायम आहे. वळणात टायर किती पकडून आहे हे ही गाडी सांगत नाही. मर्यादा आली हे कळते ते फूटपेग, म्हणजे पाय ठेवायचा दांडा, रस्त्याला घासल्याच्या आवाजाने. जुन्या बोगद्याच्या आधीच्या डाव्या वळणात तो आला आणि मी दचकलो, कारण झुकाव माझ्या हिशेबाने अजून बराच शिल्लक होता. कोरड्या रस्त्यावर ही उणीव चालून जाईल. पावसाळ्यात, शेवाळलेल्या घाटात, मला हातात येणारी बातमी हवी असते, आणि ती सुविधेच्या बदल्यात द्यायला माझे मन अजून तयार नाही. हा हट्ट असणाऱ्यांनी बीएमडब्ल्यूची के १६०० मालिकाही चालवून पाहावी; तिलाही पुढे नेहमीचा काटा नाही, पण १६० अश्वशक्ती आहे आणि आसन चालवणाऱ्याला जरा पुढे बसवते. निवांतपणात मात्र ती गोल्ड विंगची बरोबरी करत नाही.

ज्यासाठी हा खटाटोप चालला होता ती गोष्ट शेवटच्या अर्ध्या तासात झाली. बायको कात्रजला आली आणि मागे बसली. मागचे आसन म्हणजे हात आणि पाठ टेकायला जागा असलेली खुर्ची आहे, आणि तिच्यामागची ६१ लिटरची डिकी दोन पूर्ण हेल्मेट गिळते. नवले पुलाच्या उतारावर दोघांच्या वजनासह एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेले ब्रेक एकदा मुद्दाम जोरात लावून पाहिले. तिचे हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटले नाही, हे आमच्या संसारात प्रथमच घडले. दुकानासमोर थांबल्यावर ती काही क्षण तशीच बसून राहिली आणि म्हणाली, “एवढ्यात उतरायचं?”

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. टाकी २१.१ लिटरची आहे. लिटरला अठरा किलोमीटर धरले तर पुण्याहून बेळगाव एका टाकीत होते. जमिनीपासूनचे अंतर १३० मिलिमीटर आणि दोन चाकांमधले अंतर १,६९५ मिलिमीटर असल्याने आपल्याकडचे टोकदार गतिरोधक तिरके आणि अगदी सावकाश ओलांडावे लागतात. एअरबॅग, क्रूझ कंट्रोल, अ‍ॅपल कारप्ले हे सगळे आहे आणि ते चांगले आहे. त्याबद्दल लिहिण्याचा उत्साह मला नाही. सुवर्णमहोत्सवी आवृत्ती २०२५ मध्ये भारतात आली तेव्हा गुरुग्राममधील एक्स-शोरूम किंमत ३९.९० लाख रुपये होती, आणि नोंदणी व विमा त्यावर वेगळा. एवढ्या रकमेत माझी गाडी, एक चांगली मोटार आणि कोइमतूरच्या कित्येक वर्षांच्या फेऱ्या बसतात, हा हिशेब मी दुकानातच पेन्सिलीने करून पाहिला. कागद बायकोने पर्समध्ये ठेवला आहे, आणि नवीसाठी बुकिंगची रक्कम भरायची की जुनी गोल्ड विंग शोधायची, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

त्याच संध्याकाळी माझ्या गाडीवर घरी परतताना कर्वे रस्त्याच्या सिग्नलला मी इंजीन आपोआप बंद होण्याची वाट पाहत राहिलो. ते बंद झाले नाही. पंखा सुरू झाला आणि गरम हवा गुडघ्यांवर येऊ लागली.