मनाचा ताण अंगात उतरतो तेव्हा: शवासन की आवळून सोडण्याची पद्धत?

वडिलांच्या दीर्घ आजारपणाच्या काळात माझा उजवा खांदा आखडला आणि त्याच सुमारास दंतवैद्यांनी झिजलेल्या दाढा आरशात दाखवून मी झोपेत दात आवळत असल्याचे सांगितले. खांद्याच्या एक्स-रेमध्ये काही निघाले नाही. रुग्णालयातून किंवा घरून फोन येईल या धास्तीने दिवसभर खांदा वर उचललेला राहत होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. पुढे शरीर सैल करण्याच्या दोन पद्धती मी एकामागून एक केल्या: सुमारे पाच महिने शवासन आणि त्यानंतर आजपर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, स्नायू आधी आवळून मग सोडण्याची एडमंड जेकबसन यांची पद्धत. या दोहोंतून एक निवडू पाहणाऱ्यांना माझ्या अनुभवाचा काही उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

मालिश मी या तुलनेत धरलेले नाही. त्याचे सुख खरे होते. परंतु रविवारी चोळून घेतलेला खांदा सोमवारी ठाण्याहून ऐरोलीला कामावर पोहोचेपर्यंतच सैल राही आणि दुपारी फोन वाजला की पुन्हा कानाकडे चढे.

शवासनाकडे मी पूर्ण श्रद्धेने गेलो. घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्थेमुळे ज्या शहरात योगाभ्यास सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचला, तेथे वाढलेल्या माणसाला दुसरे काही आधी सुचणेही कठीण होते. हठयोगप्रदीपिकेत या आसनाचे वर्णन श्रम हरण करणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे असे केलेले आहे, आणि मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा काय परिणाम होतो याचा अभ्यास 1969 साली प्रसिद्ध केला होता. माझा श्वास त्या वीस मिनिटांत निश्चितच संथ होई आणि पहिल्या काही आठवड्यांत झोपही सुधारली. म्हणून शवासनाने मला काही दिले नाही, असे मी म्हणणार नाही.

माझी अडचण एका सूचनेपाशी होती. शिक्षिका अतिशय मृदू आवाजात पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेका अवयवाचे नाव घेत आणि तो सैल सोडण्यास सांगत. मी तो सोडत असे, किंवा सोडला आहे असे मला मनापासून वाटत असे. एका रात्री घरी शवासन करत असताना पत्नीने खोलीत येऊन माझ्या हाताला हळूच स्पर्श केला, तेव्हा माझ्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या आणि अंगठे आत दाबलेले होते. हातांची सूचना होऊन पाच मिनिटे तरी झाली असावीत. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जबड्याकडे लक्ष दिले, तर वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींवर टेकलेल्या होत्या. जो स्नायू कित्येक महिने आवळलेलाच आहे, त्याची ती अवस्था हीच आपल्याला स्वाभाविक वाटू लागते आणि मग ‘सैल सोडा’ या शब्दांनी नेमके काय सोडायचे हे शरीराला उमगत नाही. दोष शिक्षिकेचा नव्हता आणि आसनाचाही नसावा, कदाचित माझ्या तयारीचा असेल. तरीही त्या मिटलेल्या मुठी पाहिल्यापासून शवासनात मला स्वतःवर विश्वास ठेवता येईना. त्यात निश्चल पडल्यावर मन रुग्णालयातील सकाळचे संभाषण पुन्हा पुन्हा घोळवू लागे, ते निराळेच.

जेकबसन हे अमेरिकी वैद्य. 1908 च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात अचानक होणाऱ्या आवाजाने माणूस कसा दचकतो याचा अभ्यास करताना, ज्यांचे स्नायू खरोखर सैल आहेत ती माणसे तितकी दचकत नाहीत, असे त्यांना आढळले. फोनच्या प्रत्येक घंटेला दचकणाऱ्या मला हे निरीक्षण फार जवळचे वाटले. पुढे शिकागोमध्ये काम करताना 1929 साली त्यांनी आपली पद्धत ग्रंथरूपाने मांडली. त्यांचे मूळ शिक्षण अत्यंत सावकाश चाले: एका बैठकीत एखादाच भाग, आणि आवळणे दिवसेंदिवस इतके सूक्ष्म करत न्यायचे की बारीकसा ताणही ओळखता यावा. आज सर्वत्र शिकवले जाणारे रूप त्याहून पुष्कळ आखूड आहे. त्यात एक स्नायूगट पाच ते सात सेकंद आवळायचा, मग एकदम सोडून अर्धा मिनिट केवळ त्या जागी काय जाणवते याकडे लक्ष द्यायचे आणि त्यानंतरच पुढच्या भागाकडे वळायचे.

यात मला जे मिळाले ते सैलपणापेक्षाही ओळख होती. उजवी मूठ स्वतः आवळून सोडल्यावर पंजात जी ऊब आणि जडपणा उतरतो, त्यावरून क्षणापूर्वीचा ताण कसा होता हे कळते. आधीची आणि नंतरची अवस्था एकमेकींशेजारी उभी राहते. तीन आठवड्यांनी कार्यालयात बसलो असताना, कोणी न सांगता, खांदा वर चढल्याचे मला प्रथमच चढताना जाणवले. पाच महिन्यांच्या शवासनात हे एकदाही घडले नव्हते. शिवाय या पद्धतीला सतरंजी किंवा शांत खोली लागत नाही. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसायला मिळाले की मी बुटांत पायाची बोटे आवळतो आणि सोडतो, आणि ऐरोली येईपर्यंत मांड्याही होतात. मनालाही काम मिळते. सेकंद मोजणारे आणि स्नायूकडे पाहणारे मन काळजीकडे तुलनेने कमी धावते.

तिच्या उणिवा आहेतच. पहिले काही दिवस हा प्रकार कंटाळवाणा वाटतो. पोटऱ्या जोरात आवळल्या तर गोळा येतो, म्हणून मी तेथे पाऊल केवळ स्वतःकडे ओढतो. श्वास नकळत रोखला जातो, तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी विशेष जपावे. मानेच्या मणक्यांचा त्रास किंवा अलीकडची दुखापत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज तो भाग आवळू नये. छातीत किंवा डाव्या हातात दुखत असेल, तर ते ताणाचे आहे असे स्वतःच ठरवून घरी बसणे धोक्याचे आहे. माझ्या दाढांसाठी दंतवैद्यांनी दिलेली रात्रीची पट्टी मी अजूनही वापरतो.

ज्यांचे शरीर दिवसभराच्या कष्टाने आधीच थकलेले असते, किंवा ज्यांना आपला ताण कुठे साठतो हे नेमके ठाऊक आहे, त्यांना शवासन अधिक मानवेल असे मला वाटते. माझ्या आईला ते लाभले आणि तिला मी दुसरे काही सुचवलेले नाही. मात्र ‘मी तर सैलच आहे’ असे ज्यांना वाटते आणि तरीही मान, जबडा किंवा कंबर दुखत राहते, त्यांनी आवळून सोडण्यापासून आरंभ करावा, असे मी थोड्या संकोचाने, पण निश्चित सुचवेन. सुरुवात मानेपासून करू नये. पहिला आठवडा केवळ दोन्ही मुठी आणि दंड पुरेसे आहेत, आणि तेही झोपण्यापूर्वी दहा मिनिटे. आता माझी रात्रीची बैठक चार भागांवर आली आहे: हात, चेहरा व जबडा, खांदे, पाय. ते झाल्यावर मी काही वेळ तसाच उताणा पडून राहतो, आणि ते शवासन पूर्वीच्या पाच महिन्यांतील कोणत्याही शवासनापेक्षा मला चांगले साधते.