निकेलसाठी अमोनिया की एथिलीनडायअमाइन?
निकेल आयनाभोवती सहा अमोनिया रेणू बसवले काय किंवा तीन एथिलीनडायअमाइन रेणू (प्रत्येकाच्या दोन टोकांना एकेक नायट्रोजन) बसवले काय, दोन्हीकडे बंध सहा नायट्रोजन अणूंशीच होतात. तरीही दुसऱ्या संकुलाचा (धातूचा आयन आणि त्याला जोडलेले रेणू यांच्या समूहाचा) एकूण स्थिरता स्थिरांक, म्हणजे तो किती स्थिर आहे याचे माप, पहिल्याच्या सुमारे 10 अब्ज पट असतो. बंधांची ताकद जवळपास सारखी असल्याने याचे कारण मुख्यतः एन्ट्रॉपीत (कणांच्या विस्कळीतपणाच्या मापात) शोधावे लागते: अमोनियाचे सहा रेणू निकेलला आधी जोडलेले पाण्याचे सहा रेणू हटवतात, तर एथिलीनडायअमाइनचे तीनच रेणू तितकेच पाणी मोकळे करतात, त्यामुळे द्रावणातील मुक्त कणांची संख्या वाढते. शिवाय एथिलीनडायअमाइनचे एक टोक सुटले, तरी दुसरे धातूला धरून असल्याने सुटलेले टोक सहज पुन्हा जोडले जाते; सुटलेला अमोनिया मात्र द्रावणात दूर निघून जातो.