एटीएमवर आधी पिन की आधी रक्कम?

नवं एटीएम घेताना आपल्याकडच्या नागरी बँका कॅसेट (नोटा ठेवायचे डबे), यूपीएस आणि देखभालीचा दर यांवर घासाघीस करतात. स्क्रीनचा क्रम मात्र व्हेंडर देईल तोच चालू राहतो. खरं तर मशीन झटपट वाटतं की रेंगाळतं, हे बरंचसं त्या क्रमावरच ठरतं. तुमच्या बँकेत हा निर्णय व्हायचा असेल, तर दोन पर्याय ताडून पाहण्यासारखे आहेत.

पहिला सगळ्यांच्या सवयीचा: कार्ड, भाषा, पिन, मेनू, बचत की चालू, रक्कम, पावती हवी का, आणि मग ‘कृपया प्रतीक्षा करा’. दुसऱ्यात कार्ड घातलं की थेट रकमांची बटणं येतात, पावतीचा प्रश्नही तिथेच मिटतो आणि पिन सगळ्यात शेवटी. भाषा विचारावी लागतेच असं नाही. चिपमध्ये पसंतीची भाषा नोंदवायची सोय असते. डिस्पेन्सर, म्हणजे नोटा मोजून बाहेर देणारा भाग, तोच, नोटा मोजायचा वेळही तोच.

माझं मत झुकलं ते चुकलेल्या पिनमुळे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत भर पावसात, एका हातात छत्री आणि पिशवी धरून माणूस ओल्या बोटाने पिन दाबतो. पहिलाच आकडा दोनदा उमटतो. पडद्यावर चार फुल्या पूर्ण दिसतात, त्यामुळे त्याला शंका येत नाही. जुन्या क्रमात मशीन त्याच्याकडून मेनू, खातं, रक्कम, पावती सगळं भरून घेतं आणि मग सांगतं, पिन चुकीचा. बहुतेक मांडण्यांमध्ये पिन टाकल्या टाकल्या तपासला जात नाही. तो सांकेतिक रूपात धरून ठेवला जातो आणि रकमेच्या मागणीबरोबरच बँकेकडे जातो. म्हणजे मधले प्रश्न फुकट गेले, कार्ड बाहेर आलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मागच्या माणसाचा सुस्कारा वेगळाच. पिन शेवटी असेल तर चूक तिथल्या तिथे कळते आणि फक्त पिनच पुन्हा टाकायचा. मात्र व्हेंडरकडून एवढं लिहून घ्या, की चुकीच्या पिनानंतर ग्राहक पिनच्याच पडद्यावर परत आला पाहिजे. नाहीतर हा फायदा हातचा जातो.

दुसरं कारण सवयीचं. महाद्वार रोडवर कुठल्याही दुकानात यूपीआयने पैसे द्या किंवा कार्ड लावा, रक्कम आधी आणि पिन शेवटी. पिन टाकला की काम झालं, हे आता हाताला ठाऊक झालंय. एटीएमवर पिननंतर आणखी चार प्रश्न आले की तेवढाच वेळ लांबल्यासारखा वाटतो. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण दाराबाहेरची रांग दुसऱ्या क्रमात कमी चुळबुळते, असं मला तरी दिसतं.

थांबण्याचा पडदा दोन्हीत सुधारता येतो. दुसऱ्या बँकेचं कार्ड असेल तर मागणी एनपीसीआय या राष्ट्रीय देयक संस्थेच्या नॅशनल फायनान्शियल स्विचमधून, म्हणजे बँकांची एटीएम जोडणाऱ्या जाळ्यातून, त्या बँकेकडे जाऊन परत येते. मग डिस्पेन्सर एकेक नोट उचलतो, जाडी तपासतो, दोन चिकटलेल्या सापडल्या तर रिजेक्ट बिनमध्ये (नाकारलेल्या नोटांच्या डब्यात) टाकतो. पावसाळ्यात सर्द नोटांनी हे जास्त होतं. या सगळ्या वेळात एकच गोल फिरत राहिला की मशीन अडकलं असं वाटून माणूस ‘कॅन्सल’ दाबतो. ‘बँकेकडे विचारणा चालू’, ‘नोटा मोजतोय’, ‘कार्ड घ्या’, ‘पैसे घ्या’ असं टप्प्याटप्प्याने दिसू द्या. कार्ड पैशांच्या आधीच परत द्यायचं; उलट केलं तर नोटा खिशात आणि कार्ड मशीनमध्ये राहतं.

जुन्या क्रमाचीही बाजू आहे. दुधाचं दहा दिवसांचं बिल किंवा उसाचा हप्ता जमा झाला का, हे पाहायलाच पुष्कळ लोक येतात. रक्कम आधी विचारली तर अंदाजाने आकडा दाबला जातो, शिल्लक अपुरी म्हणून व्यवहार नाकारला जातो आणि काही बँका त्याचं शुल्कही घेतात. मेनू आधी असेल तर शिल्लक पाहून मग पैसे काढता येतात. पण कोल्हापूर महानगरांच्या यादीत नसल्यामुळे इतर बँकेच्या मशीनवर महिन्याला पाचच व्यवहार मोफत, आणि त्यात शिल्लक पाहणंही मोजलं जातं. त्यापुढच्या पैसे काढण्याला 1 मे 2025 पासून 23 रुपयांपर्यंत शुल्क, वर कर.

म्हणून मी सुचवेन ते असं: दुसरा क्रम घ्या, पण पहिल्याच पडद्यावर ‘शिल्लक पाहा’ ठळक ठेवा. बाजूच्या आठ बटणांपैकी सहा रकमांना (500, 1,000, 2,000, 3,000, 5,000, 10,000), एक ‘दुसरी रक्कम’ला, एक शिल्लकेला द्या. पिन बदलणं, मिनी स्टेटमेंट त्याच शिल्लकेच्या पुढच्या पडद्यावर जाऊ द्या. ताबा घेण्याआधी एक उंच आणि एक ठेंगणा माणूस मशीनसमोर उभा करून पाहा. काच आणि पडद्यामधल्या अंतरामुळे ‘2,000’ समोरचं बटण एखाद्याला ‘3,000’ समोर दिसतं. असं झालं तर ओळी वर-खाली सरकवून घ्या, आणि बटणापर्यंत पोचणारी जाड रेघ काढायला सांगा.