डोक्यात जाणारा नायक, मनात घर करणारा खलनायक: कोणती फँटसी आधी उचलावी?

नायक आवडला नाही तरी चालेल, पण खलनायक दमदार हवा, अशी मागणी घेऊन फँटसी शोधायला निघालं की तीच ती पाच-सात नावं पुढे येतात आणि सगळी एकाच पंगतीत बसवलेली असतात. तिथेच निवड फसते. प्रत्येक पुस्तकातला नायक नकोसा वाटण्याचं कारण वेगळं आहे, आणि वाचक ते अर्ध्यावर टाकतो ती जागाही वेगळी. म्हणून आधी एवढंच बघावं: जो माणूस पटत नाही त्याच्यासोबत चारशे पानं काढायची, तर लेखक त्या बदल्यात आपल्या हातात काय ठेवतो?

सगळ्यात कडक जोडी आधी घेऊ. स्टीफन डोनल्डसन यांचं 'लॉर्ड फाउल्स बेन' (1977) आणि मार्क लॉरेन्स यांचं 'प्रिन्स ऑफ थॉर्न्स' (2011). दोन्हींत नायकाच्या हातून सुरुवातीलाच अक्षम्य काहीतरी घडतं, आणि दोन्ही पुस्तकं बऱ्याचदा तिथेच मिटली जातात.

डोनल्डसनचा थॉमस कव्हनंट हा कुष्ठरोगी लेखक आहे. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली, बायको मुलाला घेऊन निघून गेलेली, गाव त्याला टाळणारं. हातापायांना संवेदना नाहीत, त्यामुळे कुठे खरचटलं, कुठे कापलं हे त्याला डोळ्यांनीच तपासावं लागतं. ही तपासणी चुकली तर जीव जाईल, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं आहे. असा माणूस जादूच्या प्रदेशात जाऊन पोचतो, तिथल्या मातीने त्याच्या मेलेल्या नसा जाग्या होतात, आणि तो ठरवतो की हे सगळं स्वप्न आहे, कारण आशेवर विसंबणं त्याला परवडणारं नाही. सातव्या प्रकरणात तो त्याला मदत करणाऱ्या कोवळ्या मुलीवर बलात्कार करतो. हे वाचणं सोसणार नसेल तर पुस्तक घेऊच नये. पुढे त्या कृत्यावर कुठेही पांघरूण घातलेलं नाही, त्याचे पडसाद पुढच्या पुस्तकांतही उमटत राहतात. खलनायक लॉर्ड फाउल प्रत्यक्ष फार थोडा दिसतो. सुरुवातीला येऊन भविष्य वर्तवतो आणि मग बराच काळ पडद्याआड जातो. त्याचं हत्यार निराशा आहे, आणि ती आधीपासून नायकाच्याच अंगात मुरलेली आहे. कल्पना म्हणून हे फार जबरदस्त आहे. पण समोरासमोर बोलणारा, डावपेच लढवणारा खलनायक हवा असेल, तर इथे हात रिकामे राहतील. शिवाय भाषा जड, शब्दकोश जवळ ठेवावा लागेल अशी. सगळा पसारा दहा पुस्तकांचा, पण पहिली तीन वाचून थांबलं तरी कथा पुरी होते.

लॉरेन्सचा जॉर्ग अँक्रॅथ याच्या उलट टोकाला. कव्हनंट केल्या कृत्याच्या ओझ्याखाली चिरडत जातो. जॉर्गला लाज नावाची गोष्टच नाही. नऊ वर्षांचा असताना तो काटेरी झुडपात अडकून पडला आणि तिथून त्याने आई आणि धाकटा भाऊ मारले जाताना पाहिले. बापाने सूड घ्यायचं सोडून तह केला. मुख्य कथेत चौदाही पुरी न झालेलं हे पोर लुटारूंची टोळी घेऊन गावं जाळत फिरतं आणि पंधराव्या वर्षापर्यंत राजा व्हायचं म्हणतं. निवेदन त्याच्याच तोंडून. मोबदला काय, तर हा आवाज: चलाख, धारदार, स्वतःलाही न सोडणारा. प्रकरणं आखूड, मध्ये मध्ये चार वर्षांपूर्वीचे तुकडे. तीन पुस्तकांत मालिका संपते. धोका एकच: पहिल्या पन्नास पानांत हा आवाज पकडला नाही, तर पुढे पकडेल या आशेवर राहू नये. खलनायकांमध्ये बाप राजा ऑलिडन हा सगळ्यांत बोचरा, कारण त्याच्या थंडपणातूनच जॉर्ग घडताना दिसतो.

दोन्ही जड वाटली तर जो अ‍ॅबरक्रॉम्बी यांचं 'द ब्लेड इटसेल्फ' (2006) घ्यावं. इथला ग्लोक्टा हा सरकारी छळ करणारा अधिकारी, पण एकेकाळचा देखणा तलवारबाज. शत्रूच्या कैदेत दोन वर्षं त्याचाच छळ झाला. त्याचे दात असे काढलेत की उरलेल्यांपैकी वरचा एकही दात खालच्यावर टेकत नाही, म्हणून त्याला चावता येत नाही. त्याचं पहिलंच दृश्य पाहा: कोणा एकाचा छळ करायची मुभा मिळाली असती, तर त्याने पायऱ्या शोधून काढणारा माणूस निवडला असता. एका वाक्यात त्याचं दुखणं, त्याचा धंदा आणि त्याची जीभ तिन्ही कळतात. तो तोंडाने एक बोलतो आणि मनात दुसरंच, आणि हे मनातलं आपल्याला ऐकू येत राहतं, म्हणून तो समोरच्याची बोटं तोडत असतानाही आपण त्याच्या बाजूला बसलेले असतो. ही या प्रकारातली सगळ्यात पक्की कारागिरी आहे. मात्र पहिलं पुस्तक म्हणजे निव्वळ मांडामांड. शेवटी फारसं काही निकाली लागत नाही, आणि 'यात घडलं काय?' म्हणत वाचक सोडतात ते इथेच. तिन्ही भाग वाचायची तयारी असेल तरच हात घालावा, कारण खरा खलनायक कोण, ते तिसऱ्यात नीट उलगडतं.

आता खलनायकासाठीच वाचायचं असेल, तर माझा कौल निःसंशय रॉबिन हॉब यांच्या 'शिप ऑफ मॅजिक'ला (1998). केनिट हा समुद्री लुटारू, आणि त्याला सगळ्या चाच्यांचा राजा व्हायचंय. त्याच्या मनगटावर जादूच्या लाकडाचं एक कोरीव पदक आहे, त्यावर त्याचाच चेहरा, आणि तो चेहरा त्याच्याशी बोलतो, त्याचं खोटं त्याच्या तोंडावर मारतो. केनिट गुलामांची जहाजं पकडून माणसं मुक्त करतो, पण ते जहाजावरच्या त्याच्या सहकाऱ्याच्या हट्टापायी केलेल्या सौद्याचा भाग म्हणून; त्या माणसांबद्दल त्याला आत तुच्छताच वाटते. लोक मात्र त्याला तारणहार मानायला लागतात. समोर कायद्याने वागणारा कप्तान काइल आहे, जो घराण्याचं जहाज गुलामांच्या व्यापाराला लावतो आणि वाचकाच्या मनातून साफ उतरतो. हेतू नीच आणि परिणाम चांगला, तर माणसाला काय म्हणायचं? हॉब हा प्रश्न तीन जाडजूड पुस्तकं लावून धरतात, आणि केनिटच्या मोहात पडलेल्या वाचकाला त्याची किंमतही मोजायला लावतात. यातही लैंगिक हिंसा आहे. नकोशा पात्राचा वाटा उचलते ती माल्टा, लाडावलेली, हेकेखोर मुलगी. तिच्या वैतागाने पुस्तक ठेवू नका. तिच्याइतकं पालटणारं पात्र या मालिकेत दुसरं नाही. हॉबची आधीची त्रयी वाचलेली नसली तरी अडत नाही. पहिला भाग आवृत्तीनुसार आठशे पानांच्या आसपास जातो आणि पहिली दोनेकशे पानं संथ आहेत.

एवढा वेळ नसेल तर व्ही. ई. श्वॉब यांचं 'व्हिशस' (2013). कॉलेजातले दोन मित्र, मरणाच्या दारातून परतल्यावर मिळणारी शक्ती, आणि दहा वर्षांनी सूड. व्हिक्टर वेदनेवर हुकूमत ठेवतो. ईलायच्या जखमा आपोआप भरतात आणि आपल्याला देवानेच नेमलंय या खात्रीने तो अशा शक्ती असलेल्यांना मारत सुटतो. आईवडिलांनी लिहिलेल्या स्वयंसुधाराच्या पुस्तकांतल्या ओळी व्हिक्टर काळ्या मार्करने खोडत बसतो. त्याचा सगळा स्वभाव त्या एका सवयीत येतो. पुस्तक एकाच भागात पुरं होतं, मात्र वातावरण आधुनिक शहराचं आहे. राजे-किल्ले हवे असतील तर हे नव्हे. काळ सतत मागेपुढे उडतो, म्हणून प्रत्येक प्रकरणावरचा वेळ वाचूनच पुढे जावं.

सेथ डिकिन्सन यांचं 'द ट्रेटर बारू कॉर्मोरंट' (2015) हिशेब आणि राजकारण आवडणाऱ्यांसाठी. बारू साम्राज्याची लेखापाल आहे आणि चलन कोसळवून बंड मोडते. खलनायक एक माणूस नसून आख्खी राजवट आहे, म्हणून थेट चेहरा शोधणाऱ्याला ते कोरडं वाटेल. आर. एफ. क्वांग यांच्या 'द पॉपी वॉर'मधली (2018) रिन अर्ध्या पुस्तकापर्यंत तर आवडतेच. परीक्षेसाठी जागं राहायला हातावर मेणबत्तीचं गरम मेण ओतणारी ही मुलगी पुढे कुठवर जाते, हा त्रयीचा कणा. पूर्वार्ध शाळेचा आणि उत्तरार्ध युद्धाचा आहे. एकविसावं प्रकरण 1937 च्या नानजिंगमधल्या कत्तलीवर बेतलेलं आहे. ते झोपण्यापूर्वी वाचायला घेऊ नये.

पहिल्यांदाच या वाटेला जात असाल तर 'व्हिशस'ने सुरुवात करा, मग ग्लोक्टा, मग केनिट. जॉर्ग मध्ये कधीही चालेल. कव्हनंट मात्र शेवटी ठेवा, आणि तोही अशा आठवड्यात जेव्हा मन मुळातच जड नसेल.