यकृतशुद्धीची पावडर: डब्यावरचा दावा आणि यकृतातले रसायन

जळगावातील एका औषध दुकानातून गेल्या महिन्यात मी 'यकृतशुद्धी'साठी विकली जाणारी एक पावडर १,३५० रुपयांना घेतली. ती घेण्याचे कारण माझा भाचा. तो धुळ्यात जुन्या लाकडी सामानाचा रंग काढून नवे पॉलिश करण्याचे काम करतो. रंग काढण्याच्या द्रावणात डायक्लोरोमिथेन असते, आणि डब्यावर 'रसायनांच्या संपर्कात काम करणाऱ्यांसाठी' असे छापलेले पाहून त्याने मला विचारले, "मामा, हे रोज घेतले तर त्या वासाची बाधा होणार नाही ना?" आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न उडवून लावता आला नाही.

वस्तू म्हणून पावडर वाईट नाही. डबा नीट सीलबंद होता, चव किंचित आंबट असली तरी ताकात सहज घेता येते, आणि ग्लुटाथायोन (विषारी पदार्थांना जोडून त्यांना बाहेर नेणारा शरीरातीलच एक गंधकयुक्त रेणू), एन-असिटिल सिस्टीन (ज्यापासून शरीर ग्लुटाथायोन बनवते), हळदीचा अर्क हे घटक प्रमाणासह छापले आहेत. मागच्या बाजूला 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचनाही आहे, मात्र बारीक अक्षरांत. तोंडावाटे घेतलेले ग्लुटाथायोन बहुतांशी आतड्यातच मोडते, त्यामुळे यकृतापर्यंत ते कितपत पोहोचते हा प्रश्न आहेच. माझा खरा आक्षेप मात्र पुढच्या बाजूच्या ठळक वाक्यावर आहे: 'यकृतातील विषनाशक एन्झाइम वाढवते.' ही गोष्ट सरसकट चांगलीच असते, असे हे वाक्य गृहीत धरते.

एन्झाइम म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन; त्याला विष ओळखता येत नाही. समोर आलेल्या रेणूवर ते आपली ठरलेली क्रिया करते, आणि त्यातून निघणारा पदार्थ मूळ पदार्थापेक्षा निरुपद्रवीच असेल असा नियम नाही. पूर्वी धान्याला कीड लागू नये म्हणून दादर ज्वारीच्या आणि गव्हाच्या कोठीत ईडीबीची, म्हणजे इथिलीन डायब्रोमाइडची, काचेची कुपी फोडून ठेवत. शिसेयुक्त पेट्रोलमध्येही हा पदार्थ घालत असत, आणि पुढे आपल्या देशात कीटकनाशक म्हणून त्यावर बंदी आली. तो शरीरात गेला की ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हे एन्झाइम त्यातील एक ब्रोमीन काढून त्या जागी ग्लुटाथायोन जोडते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे येथे विषाचा निकाल लागायला हवा. पण ग्लुटाथायोनमधील गंधक शेजारच्या कार्बनवर चाल करून दुसरा ब्रोमीनही हाकलतो, तीन अणूंचे ताणलेले, धनभारित वलय तयार होते, आणि ते वलय डीएनएमधील ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटते. ज्याने विष बाहेर न्यायचे, ते ग्लुटाथायोनच त्याला डीएनएशी बांधून टाकते. याच कुळातील एन्झाइम बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिनच्या घातक रूपाला निष्प्रभ करतात, म्हणून त्यांना केवळ शत्रू मानणेही चुकीचे ठरेल.

भाच्याच्या डायक्लोरोमिथेनचे वर्तन याहून गुंतागुंतीचे आहे. शरीरात त्याला दोन वाटा असतात. सायटोक्रोम पी४५० कुळातील एन्झाइम त्यापासून कार्बन मोनॉक्साइड बनवतात. कोंदट खोलीत दिवसभर काम केल्यावर डोके दुखते, त्यात या वायूचाही हात असू शकतो. दुसरी वाट ग्लुटाथायोनची: तीत डीएनएशी संयोग पावू शकणारा अल्पायुषी पदार्थ आणि फॉर्माल्डिहाइड तयार होतात. हवेतले प्रमाण वाढले की पहिली वाट भरून जाते आणि या पदार्थाचा जास्त हिस्सा दुसरीकडे वळतो. उंदरांमध्ये ही दुसरी वाट माणसापेक्षा बरीच जोरकस असल्याने त्यांच्यातील यकृताच्या व फुप्फुसाच्या गाठींवरून थेट माणसाचा हिशेब मांडता येत नाही. तरीही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ च्या मूल्यमापनात हा पदार्थ 'मानवात बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवला. ज्याची नुकसानीची वाटच ग्लुटाथायोनमधून जाते, त्याच्या संपर्कातील माणसाला ग्लुटाथायोन आणि एन्झाइम वाढवण्याचे आश्वासन देऊन पावडर विकणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

एन-असिटिल सिस्टीनचे मोल मी नाकारत नाही. पॅरासिटामॉलचा अतिरेक झालेल्या रुग्णाला रुग्णालयात तेच देतात आणि ते जीव वाचवते, कारण तेथे पॅरासिटामॉलचे विषारी रूप अडवायला ग्लुटाथायोन खरोखरच कमी पडत असते. त्या उपचारात विष कोणते हे ठाऊक असते. या डब्याने मात्र जगातील सर्व रसायने एका ओळीत बसवली आहेत.

पाचपैकी मी या पावडरीला दोन गुण देतो, तेही घटकांच्या स्पष्ट नोंदीसाठी. भाच्याला पावडर घेऊ दिली नाही. रंग काढण्याचे काम त्याने आता मागच्या उघड्या अंगणात नेले आहे, डबा लगेच झाकण्याची सवय लावली आहे, आणि साध्या मास्कने ही वाफ अडत नाही हे त्याला पटले आहे. दोन डबे एकदम घेतले होते. न उघडलेला डबा दुकानदाराने काहीही न विचारता परत घेतला आणि पूर्ण पैसे दिले.