एका चावीवाल्याकडे जा, चौघांचं डोकं मिळतं

पत्ता आधीच सांगून टाकते, ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. पुण्यात रविवार पेठ, बोहरी आळीच्या अलीकडे, एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली पत्र्याची हातभर लांब चावी टांगलेली दिसेल, पाटीवर नुसतं 'चावी' लिहिलंय, नाव नाही की नंबर नाही. गाडी अजिबात नेऊ नका, टू व्हीलर लावायलाही जागा मिळत नाही आणि मागून हातगाडीवाला ओरडत असतो, मेट्रोनं मंडईला उतरा आणि सरळ चालत जा. दुकान म्हणजे काय तर एक लाकडी टेबल, त्यावर चावी घट्ट धरायचा शिकंजा, चावी कापायचं मशिन, आणि मागच्या फळीवर खिळ्यांना लटकवलेल्या शेकडो कोऱ्या चाव्या. बसायला एक स्टूल आहे पण त्यावर बहुतेक वेळा कोणाचं तरी उघडलेलं कुलूप बसलेलं असतं.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी (कोणी तयार होत नव्हतं म्हणून), त्यामुळे गच्चीचं कुलूप, मीटर रूम, पंपाची खोली, लेटरबॉक्सेस, शिवाय 'ताई आमचं दार ओढलं गेलं हो' असे रात्रीचे फोन, सगळं माझ्याच गळ्यात. म्हणून या माणसाकडे, सगळे मामा म्हणतात म्हणून मीपण मामाच म्हणते, माझ्या बऱ्याच चकरा झाल्यात. पण रिव्ह्यू एकट्या मामाचा लिहिता येत नाही असं लिहायला बसल्यावर लक्षात आलं, कारण मामाकडे काम दिलं की ते मामा एकटा करतोच असं नाही. दाराची कुलपं, लॅच, साधी डुप्लिकेट चावी हे मामाचं. दोन गल्ल्या सोडून एक चाचा बसतात, सत्तरीचे असतील, जुनी कपाटं, तिजोऱ्या, लिव्हरची कुलपं त्यांची. एक तिशीचा पोरगा आहे तो गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या करतो, त्याच्याकडे लॅपटॉप आणि मशिनं आहेत. आणि चौथे एक शेठ, ते चावी करत नाहीत, कोऱ्या चाव्या होलसेलनं विकतात, पण कुठली चावी कुठल्या कुलपाची हे नुसतं हातात घेऊन सांगतात. यांची संघटना बिंघटना काही नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, संध्याकाळी साडेसहाचा चहा आहे तेवढाच.

आता कपाटाची गोष्ट सांगते कारण खरं कौतुक तिथंच आहे. सासूबाईंचं लग्नातलं लोखंडी कपाट, आतल्या लॉकरची चावी त्यांनी 'नीट ठेवली' होती, म्हणजे संपलाच विषय. आत फ्लॅटचे कागद आणि पाटल्या. मामा घरी आले, टॉर्च मारून बघितलं, एक दोन चाव्या फिरवून बघितल्या आणि सरळ म्हणाले, "ताई, हे माझ्या हातचं नाही. मी केलं तर होईलपण कदाचित, पण बिघडलं तर तोडावंच लागेल. चाचांना बोलवतो." किती कारागीर असं बोलतात सांगा मला, आमच्या प्लंबरनं आजवर एकदाही 'माझ्या हातचं नाही' म्हटलेलं नाही, बाथरूमची फरशी मात्र उकरून ठेवलीय.

चाचा अर्ध्या तासात आले, कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून. पिशवीतून कोरी चावी काढली, मेणबत्ती पेटवून तिच्यावर ती काळी केली, काजळी धरेपर्यंत, मग लॉकरमध्ये घालून अगदी हलक्या हातानं दाब देत फिरवली. फिरली नाहीच, फिरायची नव्हतीच. बाहेर काढून टॉर्चखाली धरली तर काजळीवर बारीक चकचकीत रेघा उठलेल्या, त्या जागी कानशीचे दोन तीन हात, परत काजळी, परत आत. मला मामांनी बाजूला हळूच समजावलं ते असं की आत पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या लिव्हर, प्रत्येकीला एक खाच, चावीनं प्रत्येक पट्टी बरोब्बर आपल्या उंचीवर उचलली की सगळ्या खाचा एका ओळीत येतात आणि मगच खिळ सरकते. कमी उचललं तरी अडणार, जास्त उचललं तरी अडणार. म्हणून कानस एक हात जास्त पडली की ती चावी वाया आणि नवी कोरी चावी घेऊन पहिल्यापासून सुरू. चाचांची एक चावी वाया गेली, दुसरीवर उघडलं. सासूबाईंनी तोपर्यंत दोनदा चहा केला होता आणि तिसऱ्यांदा विचारत होत्या की तोडणार तर नाही ना.

उघडल्यावर चाचा गप्पांना बसले तेव्हा कळलं की गोदरेज म्हटलं की आपल्याला कपाट आठवतं पण अर्देशिर गोदरेजांनी मुंबईत १८९७ साली सुरुवात केली ती कुलपांपासून, लोखंडी कपाटं आली १९२३ मध्ये. चाचांना ही सालं घरातल्या लग्नांच्या तारखांसारखी पाठ आहेत.

पैशाचं यांचं गणित मला जाम आवडलं. मामांनी माझ्याकडून फक्त येण्याजाण्याचे घेतले, कपाटाचे सहाशे चाचांचे चाचांनी घेतले, मधलं कमिशन वगैरे काही नाही. मी विचारलंपण, की तुम्ही गिऱ्हाईक आणलंत ना मग तुमचं काय. तर म्हणे परवा त्यांच्याकडे दाराचं काम आलेलं ते त्यांनी माझ्याकडे पाठवलं की. हिशोब कुठे लिहिलेला नाही पण दोघांच्या डोक्यात पक्का आहे. फॅमिली डॉक्टर चिठ्ठी देऊन स्पेशालिस्टकडे पाठवतो तसंच, फक्त इथं कट नाही.

शिकवण्याचंपण तसंच आहे. चाचांकडे एक पत्र्याची पेटी आहे, त्यात कुलपंच कुलपं, अलीगढची जाडजूड, तमिळनाडूतल्या दिंडिगलचं एक आंब्याच्या आकाराचं (दिंडिगलच्या कुलपांना २०१९ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, हेही चाचांनीच सांगितलं), काही चावी हरवलेली, काही मुद्दाम चावी काढून घेतलेली. नवीन पोरगं कोणाकडेही कामाला लागलं, मामाकडे का असेना, की संध्याकाळच्या चहाला चाचा त्याच्या हातात एक कुलूप देतात, हे उघडून आण, ठोकायचं नाही. मशिनवर चावी कापायला कुणीही एका दिवसात शिकतो, एका बाजूला जुनी चावी लावायची दुसऱ्या बाजूला कोरी आणि मशिन तिच्यावरून फिरतं तसं इकडे कापत जातं, पण चावीच नसेल तेव्हा काय करणार, तिथं फक्त कानस आणि डोळा. तो चिपवाला पोरगापण याच पेटीतून शिकलाय. आता उलटं झालंय, कोणाकडेही गाडीचं काम आलं की त्याच्या मशिनवर होतं, चाचांना त्यातलं ओ की ठो कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, पण गाडीच्या दाराच्या कुलपात चावीचं पातं अडकलं की तो चाचांकडेच पळतो.

गाडीच्या चावीचं सांगते कारण यात लोक फसतात. आमच्या गाडीची एकच चावी उरली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात साधी डुप्लिकेट करून आणली तर दार उघडायचं, चावी फिरायचीपण, पण गाडी सुरू व्हायची नाही. चावीच्या काळ्या मुठीत एक बारीक चिप असते, तिला सेलबिल लागत नाही, स्टार्टरच्या कुलपाभोवती जी कॉइल असते तिच्यातून तिला वीज मिळते आणि ती आपला कोड सांगते, कोड जुळला तरच इंजिन चालू. म्हणजे पातं कितीही मस्त कापा, चिप नाही तर काही नाही. चिपवाल्यानं चालू चावीवरून चिप कॉपी करून दिली, पातं कापून, समोर गाडी सुरू करून दाखवून, अठराशे रुपये. आणि एक गोष्ट बजावून सांगितली ती तुम्हालाही सांगते, एक चावी चालू आहे तोपर्यंतच दुसरी करून घ्या, दोन्ही हरवल्या की गाडीला मशिन जोडून सगळं पहिल्यापासून करावं लागतं आणि खर्च भलताच वाढतो.

आता काही जणांना खटकेल अशी गोष्ट. हे लोक तुम्हाला काही शिकवत नाहीत. आपापसात सगळं सांगतात, आपल्याला नाही. लेटरबॉक्सचं कुलूप कसं उघडलंत हे मी विचारलं तर मामांनी हसून पाठ फिरवली आणि फिरवूनच काम केलं. आधी जरा राग आला, पैसे मी देतेय ना. मग एकदा मी तिथं उभी असताना एक माणूस आला, साबणाच्या वडीवर चावीचा ठसा उठवलेला, म्हणे याची चावी करून द्या, मालक बाहेरगावी आहेत. मामा शांतपणे म्हणाले चावी आणा नाहीतर कुलूप आणा. तो गेला आणि त्याची पाठ वळल्या वळल्या मामांनी तीन फोन केले, निळा शर्ट, साबणावर ठसा, तुमच्याकडे येईल, करू नका. तो आळीच्या त्या टोकाला पोचायच्या आधी सगळ्यांना कळलेलं. त्या दिवसापासून माझी तक्रार नाही. बंद दार उघडायला बोलावलं तरी मामा आधी आधार कार्ड आणि लाईट बिल बघतात, वहीत लिहितात, सही घेतात, आमच्या देशपांडे काकूंनी 'माझ्याच घराला माझी सही' म्हणून आरडाओरडा केला तरी घेतली.

फोनवर चावीचा फोटो दाखवून 'अशी करा' म्हटलं तरी करत नाहीत. आणि हो, चावीवर नंबर कोरलेला असेल तर तो वेगळा लिहून ठेवा, हरवल्यावर काही कुलपांची चावी नंबरवरून करता येते. त्याच कारणानं नव्या घराच्या चावीचा फोटो स्टेटसला टाकू नका प्लीज, आमच्या सोसायटीतले निम्मे लोक पझेशनच्या दिवशी तेच करत होते.

तुलनेसाठी सांगते, त्याआधी एकदा ॲपवरून एक माणूस बोलावला होता, कुठलं ॲप ते जाऊ दे. सोसायटीतल्या एका घराचं दार नुसतं ओढलं गेलेलं, आतून कडी नाही काही नाही. तो आला, कुलपाकडे दहा सेकंद बघितलं आणि सरळ ड्रिल लावलं. चांगलं कुलूप गेलं, नवीन त्याच्याकडूनच घ्यावं लागलं, बिल बघून ते घरवाले अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. नंतर तेच मोडकं कुलूप मी मामांना दाखवलं तर त्यांनी त्या माणसाला शिव्या घातल्या नाहीत, एवढंच म्हणाले, "एकटा काम करत असणार. विचारायला कुणी नसलं की ड्रिलच आठवतं." मला वाटतं मामांनी नेमकं बोट ठेवलं. त्या मुलाला कोणी पेटीतलं कुलूप दिलंच नसेल.

त्यांच्याकडून ऐकलेल्या दोन बारीक गोष्टी, फुकट. डुप्लिकेट करायला मूळ चावीच न्या, डुप्लिकेटची डुप्लिकेट करत गेलात की दर वेळी केसाएवढा फरक वाढत जातो आणि तिसरी चौथी चावी कुलपात हलवून हलवून लावावी लागते. आणि कुलपात खोबरेल तेल घालू नका, आमच्या वॉचमननं गच्चीच्या कुलपाला दर पावसाळ्यात घातलं, धूळ बसून आत चिकट लगदा झाला होता. पेन्सिलीच्या शिशाची पूड किंवा दुकानात ग्रॅफाइट पावडर मिळते ती घाला.

वाईट बाजू आहेतच. पक्कं बिल मिळत नाही, कागदावर शिक्का मारून देतात, सोसायटीच्या ऑडिटरनं त्यावर नाक मुरडलं. यूपीआय चालतं पण स्कॅनर चहावाल्याचा असतो, मामांचा फोन बटणांचा आहे. वेळ सांगतात ती वेळ नसते, 'आलोच' म्हणजे तासभर धरा. घाईत साधी डुप्लिकेट हवी असेल तर घराजवळ कुठेही करा, पन्नास रुपयांच्या चावीसाठी पेठेत जाण्यात अर्थ नाही, अवघड काम असेल तरच जा. दुपारी एक ते चार मामा जेवून झोपतात, ते पुण्याला धरूनच आहे, आणि शुक्रवारी दुपारी चाचा नमाजला गेलेले असतात, तेव्हा कपाटबिपाटाचं काम असेल तर शनिवार बघा.