आर्ट रॉक की प्रोग: सुरुवात कुठून करावी?

सत्तरच्या दशकात आर्ट रॉक आणि प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जायची, त्यामुळे पिंक फ्लॉइड हा बँड आजही दोन्ही याद्यांत सापडतो. निवड करायची तर ढोबळ फरक असा: प्रोगचा भर लांब रचनेवर आणि वादकांच्या तयारीवर, आर्ट रॉकचा आवाजाच्या पोतावर, पेहरावावर आणि मुद्दाम घेतलेल्या आविर्भावावर.

प्रोग बँड 'येस'चा अल्बम 'क्लोज टू दि एज' (१९७२) म्हणजे तीनच रचना. पहिलीनेच तबकडीची एक अख्खी बाजू व्यापलेली, साडेअठरा मिनिटं. ख्याल ऐकणाऱ्याला लांबीचं भय नाही. त्रास वेगळाच आहे. सुरुवातीला पाणी आणि पक्ष्यांचे आवाज इतके हळू येतात की हात आपोआप आवाज वाढवतो, आणि मिनिटभरात अख्खा बँड कानावर आदळतो. ॲपमधलं 'नॉर्मलायझेशन' इथे कामाचं नाही. ते निरनिराळी गाणी एका पातळीवर आणतं, एकाच गाण्यातले चढउतार तसेच राहतात. उपाय एकच: बँड सुरू झाल्यावर आवाज ठरवायचा, मग पुन्हा पहिल्यापासून लावायचं. लोकलमध्ये किंवा बसमध्ये हे कोण करणार?

आर्ट रॉक बँड 'रॉक्सी म्युझिक'चा अल्बम 'फॉर युअर प्लेझर' (१९७३) ही कटकट बरीच कमी करतो. पहिलं गाणं चार मिनिटांचं, प्रस्तावना न करता थेट गायनावर येतं. बँडचा गायक ब्रायन फेरी न्यूकॅसलला चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनकडे शिकलेला, त्याचा साथीदार ब्रायन ईनोही कलाशाळेतलाच. ईनो इतरांच्या वाद्यांचे आवाज व्हीसीएस-३ सिंथेसायझरमधून फिरवून बदलायचा; गिटार मध्येच अनोळखी वाटली तर कारण बहुधा तेच. खोड यालाही आहेच: 'इन एव्हरी ड्रीम होम अ हार्टेक' विरत जाऊन संपल्यासारखं वाटतं आणि परत येतं. घाईने पुढचं गाणं लावू नका.

घरी चांगले स्पीकर आणि निवांत तास असेल, तर 'येस' लावायला हरकत नाही. ख्रिस स्क्वायरचा बास मोबाइलच्या स्पीकरवर हरवतोच. हेडफोन आणि प्रवास असेल तर रॉक्सीच बरं, असं वाटतं.

दोन्हीची थोडी चव हवी असेल तर गायिका केट बुशचा अल्बम 'हाउंड्स ऑफ लव्ह' (१९८५): एका बाजूला पाच सुटी गाणी, दुसरीवर रात्री समुद्रात एकट्या तरंगणाऱ्या बाईची सात भागांची सलग कथा. ती बाजू ऐकताना शफल बंद आणि क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणारी सोय) शून्यावर, नाहीतर भागांमधले सांधे बिघडतात.